डक्ट सफाईची सेवा: काम चोख, पण उभे राहून करून घ्यावे

मी ज्या कार्यालयीन इमारतीची देखभाल पाहते, ती सहा मजल्यांची असून तिला हवा पुरवणारी तीन मोठी यंत्रे, म्हणजे एएचयू, गच्चीवर बसवलेली आहेत. यंत्रातून निघालेली हवा पत्र्याच्या डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या मोठ्या नळांमधून, शाफ्टने खाली उतरते, प्रत्येक मजल्यावर फॉल्स सीलिंगच्या वर तिला फाटे फुटतात आणि शेवटी छतातल्या डिफ्यूझरमधून ती खोलीत येते. इमारत वापरात आल्यापासून फिल्टर वेळच्या वेळी बदलले गेले, ब्लोअरचे, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्याचे, पट्टे ताणले गेले, बेअरिंगना ग्रीस मिळाले. डक्टच्या आत मात्र कोणी नीट डोकावले नव्हते. काही महिन्यांपूर्वी चौथ्या मजल्यावरून तक्रारी येऊ लागल्या. सकाळी टेबलांवर काळसर भुकटी दिसे, यंत्र सुरू होताच कुबट वास सुटे आणि डिफ्यूझरभोवती छतावर काळे ओघळ उमटल्यासारखे पट्टे दिसत. तेव्हा आम्ही डक्ट सफाई करणारी एक कंपनी बोलावली. तिच्या कामाचे हे परीक्षण आहे. तिच्या हातून झालेल्या चुकाही पुढे लिहिल्या आहेत, त्यामुळे तिचे नाव देत नाही.

आधी एक जुना अनुभव सांगते, कारण त्याच्याशी ताडून पाहिल्याशिवाय या वेळच्या कामाचे मोल कळणार नाही. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीने हीच संपूर्ण इमारत एका दिवसात ‘साफ’ करून दिली होती. माणसे आली, त्यांनी डिफ्यूझर काढून धुतले, जिथवर हात पोहोचला तिथवर व्हॅक्यूम क्लीनरची नळी फिरवली, आत एक सुगंधी औषध फवारले आणि प्रमाणपत्र देऊन ती निघून गेली. आठवडाभर इमारतीला औषधाचा वास येत राहिला आणि तो ओसरला तसा कुबट वास परत आला. धुळीच्या थरावर औषध फवारल्याने धूळ कमी होत नाही आणि ओल तशीच राहिली तर बुरशी पुन्हा धरते, हे तेव्हा मला कळायला हवे होते.

या वेळी आलेल्या पर्यवेक्षकांनी शिडी मागितली नाही, गच्चीची किल्ली मागितली. छतावरच्या काळ्या पट्ट्यांकडे त्यांनी एकदा पाहिले आणि सांगितले, “मॅडम, हे पट्टे म्हणजे डक्ट घाण असल्याचा पुरावा नव्हे.” डिफ्यूझरमधून वेगाने बाहेर पडणारी हवा आजूबाजूची खोलीतली हवा आपल्याबरोबर ओढून घेते, आणि त्या हवेतली धूळ, म्हणजे कागदाची, कपड्यांची, पायांबरोबर आत आलेली धूळ, छताला घासून तिथेच चिकटते. छत पुसले की पट्टे जातात आणि काही महिन्यांनी पुन्हा उमटतात. डक्ट आतून आरशासारखा असला तरी हे चालूच राहते. याच पट्ट्यांचे फोटो दाखवून त्यांना आमच्याकडून सगळ्या इमारतीचे काम सहज मिळवता आले असते. तसे त्यांनी केले नाही आणि माझा विश्वास तिथेच बसला.

गच्चीवर त्यांनी दोन क्रमांकाचे यंत्र बंद केले, एक माणूस फिल्टरच्या मागच्या कप्प्यात उभा केला, दार लावून घेतले आणि पुढच्या बाजूने प्रखर दिवा धरला. आत अंधार असल्याने फिल्टरच्या चौकटींमधून जिथे जिथे फट होती, तिथे उजेडाची रेघ दिसली. मी स्वतः आत जाऊन पाहिले. मधल्या रांगेत दोन फिल्टरच्या मध्ये बोटभर लांबीच्या नव्हे, चौकटीच्या पूर्ण उंचीच्या दोन उभ्या रेघा चमकत होत्या. फट बुजवणारी पट्टी, म्हणजे गॅस्केट, दबून चपटे झाले होते आणि चौकट आवळून धरणाऱ्या दोन क्लिपा जागेवर नव्हत्या. आम्ही दर वेळी चांगल्या दर्जाचे फिल्टर आणत होतो, त्यांच्या खरेदीच्या नोंदी अभिमानाने दाखवत होतो, आणि हवा मात्र सर्वांत सोपी वाट धरून त्या फटीतून जात होती. फिल्टर जितका जास्त बारीक, तितका त्याचा हवेला विरोध जास्त, म्हणून फट असेल तर भारी फिल्टर लावल्यावर फटीतून जाणारी हवा उलट वाढते. हे ऐकायला साधे वाटते, पण इतकी वर्षे आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नव्हते.

फटीच्या नेमक्या रेषेत मागच्या कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या नळ्या-पात्यांच्या जाळीवर, धूळ साचली होती. तंत्रज्ञाने प्लॅस्टिकची एक पातळ पट्टी कॉइलच्या पात्यांवर कडेने सरकवली, तेव्हा राखाडी रंगाचा एक थर जुन्या नमद्यासारखा सलग उचलला गेला. तळहाताएवढा तो तुकडा त्यांनी माझ्या हातावर ठेवला. वजन जवळजवळ नव्हतेच, पण दोन बोटांत दाबला तेव्हा तो ओला लागला. कॉइलवर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते, ते या थराने शोषून धरले होते आणि चौथ्या मजल्यापर्यंत जाणारी हवा या ओल्या नमद्यातून गाळून जात होती.

वासाचे दुसरे मूळ कॉइलखालच्या ड्रेन पॅनमध्ये, म्हणजे तिथले पाणी गोळा करणाऱ्या ताटात, सापडले. पॅनला उतार होता, नळी तुंबलेली नव्हती, तरी पाणी साचून त्यावर बुळबुळीत साय धरली होती. याचे कारण मी इथे थोडे विस्ताराने लिहिते, कारण ज्यांच्या इमारतीत असा वास येतो त्यांनी डक्टवर खर्च करण्याआधी हे पाहावे. ब्लोअर हवा कॉइलमधून ओढून घेत असेल, तर कॉइलच्या कप्प्यातला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. त्यामुळे ड्रेनच्या नळीतून बाहेरची हवा आत खेचली जाते आणि पॅनमधले पाणी खाली उतरू देत नाही. हे टाळण्यासाठी नळीला इंग्रजी यू अक्षरासारखा बाक, म्हणजे ट्रॅप, देतात आणि त्यात साठलेले पाणी त्या ओढीला तोलून धरते. २५० पास्कल ओढ असेल तर ती तोलायला सुमारे २५ मिलिमीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ लागतो आणि ट्रॅपची खोली त्यापेक्षा बरीच जास्त ठेवावी लागते. आमचा ट्रॅप उथळ होता, शिवाय यंत्र बरेच दिवस बंद राहिले की त्यातले पाणी आटून जाई. पर्यवेक्षकांनी ट्रॅपजवळ कागदाचा कपटा धरला आणि तो नळीच्या तोंडाला चिकटून बसला. ट्रॅप बदलणे हे प्लंबरचे काम असल्याने ते त्यांच्या कंत्राटात बसत नव्हते. त्यांनी आकृती काढून मापे लिहून दिली आणि आमच्या प्लंबरने ते काम अर्ध्या दिवसात उरकले.

डक्टच्या आतली तपासणी यानंतर झाली. चाकांवर चालणारा एक छोटा कॅमेरा त्यांनी तिन्ही यंत्रांच्या मुख्य डक्टमधून फिरवला आणि पडद्यावर मला सगळे दाखवले. खोल्यांतली हवा यंत्राकडे परत आणणारा रिटर्न डक्ट सर्वांत घाण होता, आणि त्यात नवल नाही, कारण ती हवा फिल्टरला भेटण्याआधीची असते. खोल्यांकडे हवा नेणाऱ्या सप्लाय डक्टमध्ये दोन क्रमांकाच्या यंत्रापासून सुरुवातीचे काही मीटर आणि चौथ्या मजल्याच्या फाट्याचे वळण, एवढ्या भागात जाड थर होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यांच्या फाट्यांत पत्र्याची झिंकची चमक धुळीच्या पातळ थरातूनही दिसत होती. कंपनीने लेखी कळवले की या दोन मजल्यांचे सप्लाय डक्ट आत्ता साफ करण्याची गरज नाही. स्वतःचे काम स्वतःच कमी करणारी शिफारस मला या धंद्यात क्वचितच पाहायला मिळाली आहे.

ती शिफारस जाणकारांच्या मताशी जुळणारीही आहे. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, घरांतल्या डक्टबद्दल सांगते की सफाईमुळे आजार टळतात असे निर्णायकपणे सिद्ध झालेले नाही. म्हणून ती ठरावीक काळाने उगाच न करता, आत बुरशी दिसत असेल, उंदीर किंवा किडे शिरले असतील किंवा डक्ट धुळीने तुंबून ती खोलीत येत असेल तेव्हाच करावी. मोठ्या इमारतींसाठी युरोपात २०११ सालचे ईएन १५७८० हे मानक आहे, त्यात इमारतीच्या वापरानुसार स्वच्छतेचे कमी, मध्यम आणि उच्च असे वर्ग केलेले असून आधी तपासणी व मग गरजेप्रमाणे सफाई असा क्रम आहे. आमच्या कंपनीने करारात अमेरिकेतल्या नाडका या १९८९ साली स्थापन झालेल्या व्यावसायिक संघटनेची कसोटी लिहिली होती. सफाईनंतर पत्र्याच्या १०० चौरस सेंटिमीटर जागेवरून ठरलेल्या पद्धतीने धूळ ओढून गाळणकागदावर घ्यायची आणि तिचे वजन ०.७५ मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये, अशी ती कसोटी आहे. ‘समाधानकारक सफाई’ असे शब्द करारात असते तर वाद झाला असता. आकडा असल्यामुळे तो झाला नाही.

प्रत्यक्ष काम चार रात्री चालले. पहिल्या रात्री निम्मा वेळ नुसत्या तयारीत गेला आणि ते मला आवडले. सगळे डिफ्यूझर प्लॅस्टिकने बंद केले गेले, टेबले झाकली गेली, डक्टमधले धूर शोधक अलार्मपासून वेगळे करण्यासाठी इमारतीच्या अग्निसुरक्षा कर्मचाऱ्याची सही घेतली गेली. मग मुख्य डक्टला मोठे शोषक यंत्र जोडले. या यंत्राचे काम डक्टच्या आतला दाब खोलीपेक्षा कमी ठेवण्याचे असते, म्हणजे सांधा कुठे उघडा राहिला तरी खोलीतली हवा आत जाते, आतली धूळ बाहेर येत नाही. त्याच्या तोंडाशी हेपा फिल्टर होता, जो ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. इमारतीच्या आत हवा परत सोडायची असेल तर त्याच्याशिवाय गत्यंतर नाही. त्यानंतर लांब लवचीक दांड्यावरचा फिरता ब्रश टोकाकडून शोषक यंत्राच्या दिशेने आणला गेला. दिशा उलटी झाली तर सुटलेली धूळ साफ झालेल्या भागात जाऊन बसते, म्हणून तिसऱ्या रात्री एका नवख्या मुलाने ब्रश उलट्या बाजूने घातला तेव्हा पर्यवेक्षकांनी काम थांबवून तो भाग पुन्हा करायला लावला.

यंत्राजवळच्या काही मीटरमध्ये आवाज कमी करण्यासाठी डक्टला आतून ग्लासवूलचे अस्तर आहे. तिथे त्यांनी ब्रश वापरलाच नाही. हवेच्या मंद झोताने धूळ सुटी करून ती ओढून घेतली. कडक ब्रशने अस्तराचा वरचा पापुद्रा फाटला असता तर काचेचे तंतू कायमचे हवेत येत राहिले असते, आणि अस्तर ओले होऊन त्यात बुरशी धरली असेल तर ते साफ होत नाही, बदलावेच लागते. आमच्याकडे एका कोपऱ्यात तसा हातरुमालाएवढा भाग निघाला. तो कापून नवा तुकडा बसवला गेला. डिफ्यूझरपर्यंत जाणाऱ्या घडीच्या लवचीक नळ्यांपैकी सातआठ नळ्याही त्यांनी साफ न करता बदलण्याचा सल्ला दिला, कारण त्यांच्या वळ्यांत ब्रश अडकला की आतला पडदा फाटतो.

धुळीबरोबर जे बाहेर आले त्यात लाकडाचा भुसा, जिप्समची पांढरी भुकटी, स्क्रू, चिकटपट्टीची गुंडाळी आणि सुताराची एक चपटी पेन्सिल होती. म्हणजे इमारत बांधताना डक्टची तोंडे उघडी ठेवलेली होती आणि त्या काळातला कचरा आम्ही पहिल्या दिवसापासून सांभाळत होतो. नवी इमारत ताब्यात घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की यंत्र पहिल्यांदा सुरू होण्याआधी डक्टमध्ये कॅमेरा फिरवून घ्यावा. माणसे राहायला आल्यावर तेच काम चौपट अवघड होते.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र धुळीची नव्हती. शाफ्टच्या भिंतीतून डक्ट मजल्यावर शिरतो तिथे फायर डँपर असतो. आग लागली की ठरावीक तापमानाला, बहुधा सत्तर-पंच्याहत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास, त्यातली वितळणारी कडी तुटते आणि पाती बंद होऊन आग व धूर एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जाण्याची वाट अडते. सफाईसाठी तपासणी-झडप उघडल्यावर पाचव्या मजल्याच्या डँपरची पाती तारेने बांधून उघडी ठेवलेली आढळली. कधीतरी ती आपोआप पडली असावी, हवा बंद झाल्याची तक्रार आली असावी आणि कोणीतरी तारेचे चार वेढे देऊन तक्रार मिटवली असावी. तारेवर गंज चढला होता, म्हणजे ही गोष्ट जुनी होती. ती तार पाहून मला त्या रात्री घरी गेल्यावरही झोप लागली नाही. त्या मजल्यावर रोज माणसे बसतात. अमेरिकेच्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या एनएफपीए ८० या मानकाप्रमाणे फायर डँपर बसवल्यावर एका वर्षाने आणि त्यानंतर दर ४ वर्षांनी, रुग्णालयांत दर ६ वर्षांनी, प्रत्यक्ष पाडून, म्हणजे पाती सोडून ती बंद होतात का हे पाहून, तपासायचे असतात. आमच्याकडे ते एकदाही झाले नव्हते आणि त्याची जबाबदारी माझ्याकडे येते. कंपनीने ती तार काढली, नवी कडी बसवली आणि वाटेतले उरलेले सगळे डँपर आपणहून पाडून तपासले.

आता उणिवा. काम संपल्यानंतर तिसऱ्या दिवशी चौथ्या मजल्याच्या टोकाच्या बैठक-खोलीत हवा जवळजवळ येईनाशी झाली. ब्रश जाऊ देण्यासाठी फाट्यांवरचे व्हॉल्यूम डँपर, म्हणजे हवेचे प्रमाण ठरवणाऱ्या झडपा, पूर्ण उघडले गेले होते आणि परत लावताना दोन दांड्या जुन्या खुणेवर न आणता अंदाजाने ठेवल्या गेल्या होत्या. जवळच्या खोल्यांत वाऱ्याने कागद उडत होते आणि टोकाची खोली गुदमरत होती. दांडीची मूळ जागा मार्करने आखून ठेवायला एक क्षण लागतो. एवढ्या काटेकोर माणसांकडून हे सुटायला नको होते. दुसरे असे की नव्याने कापलेल्या एका तपासणी-झडपेचे सीलंट नीट बसले नव्हते आणि तिथून बारीक शिटीसारखा आवाज येत होता. दोन्ही गोष्टी कळवल्यावर ते दुसऱ्याच रात्री आले, हवेचा प्रवाह मोजणारे हूड प्रत्येक डिफ्यूझरवर धरून त्यांनी समतोल पुन्हा साधला आणि झडप नव्याने बसवली. अहवालातल्या फोटोंपैकी काहींवर मजला व जागा लिहिलेली नव्हती, ती मात्र तीनदा मागितल्यावर मिळाली.

उपाहारगृहाच्या स्वयंपाकघराचा धूर बाहेर टाकणारा डक्टही आपण करून घेऊ, अशी आमची समजूत होती. काम सुरू झाल्यावर कंपनीने ते करायला नकार दिला. नकार योग्यच होता, कारण तिथला थर तेलाचा असतो, तो ब्रशने निघत नाही, खरवडून आणि रसायनाने धुवून काढावा लागतो, आणि तो राहिला तर चुलीवरची ठिणगी डक्टला आग लावू शकते. अशा डक्टची तपासणी वापरानुसार महिन्याला, तिमाहीला, सहामाहीला किंवा वर्षाला करावी असे एनएफपीए ९६ हे मानक सांगते. पण हे पहिल्या भेटीतच बोलले गेले असते तर दुसरी कंपनी शोधायला आम्हाला धावपळ करावी लागली नसती.

धुळीच्या वजनाची कसोटी सहा ठिकाणी घेतली गेली आणि जागा मी निवडल्या, त्यांनी नव्हे. पाच ठिकाणी आकडा मर्यादेच्या बराच खाली होता. सहावी जागा रिटर्न डक्टच्या वळणातली होती, ती नापास झाली, तो भाग पुन्हा साफ करून कसोटी परत घेतली गेली. फिल्टरला नवे गॅस्केट आणि क्लिपा, धुतलेली कॉइल, खोल ट्रॅप आणि साफ डक्ट, एवढे झाल्यावर कुबट वास पहिल्या आठवड्यातच गेला आणि आजवर परतलेला नाही. टेबलांवरची काळसर भुकटीही थांबली. छतावरचे पट्टे पुसले होते, ते पुन्हा फिकट दिसू लागले आहेत, आणि ते दिसणार हे आम्हाला आधीच सांगितलेले होते.

याच कंपनीला मी पुन्हा बोलावीन. पुढच्या करारात आम्ही तीन कलमे वाढवली आहेत: डँपरची दांडी हलवण्याआधी तिची जागा आखून तिचा फोटो घ्यावा, कोणते डक्ट कामात येत नाहीत ते पहिल्या भेटीच्या अहवालात लिहावे आणि फायर डँपर पाडून केलेल्या तपासणीची नोंद प्रत्येक डँपरच्या क्रमांकासह द्यावी. वर्षाने ते येतील तेव्हा फक्त कॅमेरा आणि दिवा आणतील. ब्रश आणायचा की नाही, ते त्या तपासणीनंतर ठरेल.